शोहाउसच्या न्हाणीघरात मी काय केलं

शोहाउसच्या न्हाणीघरात जे झालं ते मी केलं. हीच गोष्ट मी आधी चारचौघांत तोंडाने सांगून पाहिली, तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. उलट माझं कौतुक झालं. म्हणून आता लिहून देतो आहे. विषय जरा ओंगळ आहे. पण आठ वर्षं दुसऱ्याच्या नावावर पडून राहिला म्हणून त्याचा ओंगळपणा काही कमी झालेला नाही.

मी पाणीपुरवठा खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सगळी नोकरी गेली. जतच्या बाजूला, जिथे लोकांना पाणी म्हटलं की टँकरच आठवतो, तिथेही मी नळ पोचवले. नळातून पाणी पोचलं का, हा प्रश्न लोक विचारतात. तो वेगळ्या विभागाचा आहे.

निवृत्तीनंतर सांगलीत विश्रामबागेत घर केलं आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांत सामील झालो. तिथे एकाने मला साताऱ्याच्या वारसा-जतन समितीशी जोडून दिलं. समितीला जुन्या पाणीव्यवस्थेची माहिती असलेला माणूस हवा होता, आणि मला घराबाहेर पडायला कारण.

साताऱ्याहून कासच्या रस्त्याने वर चढलं की पठाराच्या कडेला एक गाव आहे. गावाच्या वर डोंगरात झरा आहे. कुणीतरी फार पूर्वी त्या झऱ्याला दगडी हौद बांधला, हौदातून भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून गावापर्यंत आणले आणि गावात एकाखाली एक तीन हौद केले. पहिल्यातलं पाणी प्यायचं. ते वाहून दुसऱ्यात येतं, ते धुण्याचं. तिसऱ्यातलं जनावरांचं. पंप नाही, वीज नाही, शाखा अभियंता नाही. तरी पाणी येतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला माझी सगळी नोकरी आठवली आणि मी विषय बदलला.

पण वरच्या हौदाची भिंत पोटातून फुगली होती. आणखी दोन-तीन पावसाळ्यांत ती गेली असती आणि गाव टँकरवर आलं असतं. दुरुस्तीला चुन्याचं काम जाणणारे गवंडी हवेत, आणि ते स्वस्त नसतात.

त्यासाठी समितीच्या अध्यक्षबाईंनी शोहाउस काढलं. पुण्यातल्या एका कुटुंबाचा बंगला गावाच्या वर पठारावर बंद पडून होता. त्याची एकेक खोली एकेका डिझायनरला द्यायची, त्याने ती स्वतःच्या खर्चाने सजवायची, लोकांनी तिकीट काढून बघायची आणि ते पैसे हौदाला. परदेशात असं करतात म्हणे. मी घरी हे सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती.

ती म्हणाली, "म्हणजे हौदाला चुना पाहिजे म्हणून बंगल्याला वॉलपेपर लावायचा?"

"हो."

"बरं," म्हणाली, आणि पुढची जुडी घेतली.

बंगल्यावर राखणदार होता तो त्याच गावचा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, पाठ माझ्यापेक्षा पन्नास वर्षांनी सरळ. मातीच्या नळांची वाट मला त्यानेच दाखवली. कुठे वळतात, कुठे हवा सुटायला दगडी खांब बांधलेत, कुठे मुळांनी नळ फोडलाय. मी वहीत आकृती काढायचो आणि तो वरून बघून म्हणायचा, "साहेब, हितं तुमी नळ चढावर काढलाय. पानी चढतं व्हय?" मी खोडरबर काढायचो.

तीन महिने डिझायनर मंडळींची ये-जा चालली. दिवाणखान्यात बैलाच्या जुवाला दिवे टांगून झुंबर केलं. स्वयंपाकघरातल्या उखळात सुगंधी साबणाच्या वड्या ठेवल्या. निजायच्या खोलीत जतच्या मेंढपाळांकडून आणलेलं घोंगडं चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. हवालदार दिवसभर हे बघत फाटकात बसे. एकदा मला म्हणाला, "आमच्या घरात हे समदं हाय. फकस्त जिथल्या तिथं हाय."

शोहाउस दहा दिवस चालणार होतं. त्याने अध्यक्षबाईंकडे एकच गोष्ट मागितली, माझ्यासमोर मागितली.

"बाई, हौद आमचा. त्याच्यापायी तुमी घर सजिवलं. मग आमच्या मान्सांनी बगायचं न्हाई व्हय?"

अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. त्यांना फक्त नाजूक वस्तूंची काळजी होती. "अहो, बघू देत की. पण एवढी माणसं एकदम... काही तुटलं, खराब झालं तर?"

"मी जिम्मेदार. काय वाकडं झालं तर मला धरा."

मग ठरलं: शेवटच्या दिवशी सकाळी गावाला मोफत, आणि दुपारी पाहुण्यांच्या हजेरीत समारोप. हवालदाराने गावात निरोप दिला. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली.

आता त्या सकाळचं लिहितो.

मी आणि बायको सांगलीहून पहाटे निघालो. कराडला थांबून मिसळ खाल्ली. बायको म्हणाली, "अहो, दही तरी घ्या." मी घेतलं नाही, उलट तर्री पुन्हा मागितली. बंगल्यावर पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते आणि माझ्या हातात फार वेळ नव्हता. बंगल्यामागे कामगारांसाठी संडास होता, त्याला कुलूप. किल्ली स्वयंपाक्याकडे, आणि स्वयंपाकी बर्फ आणायला साताऱ्याला. बायको अध्यक्षबाईंशी बोलत उभी. मी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि वरच्या मजल्यावर गेलो.

वरचं न्हाणीघर पुण्याच्या एका मुलीने सजवलं होतं. काम चांगलं होतं, हे मी आज मोकळेपणाने म्हणतो. काळा दगड, कोनाड्यात पितळी समया, जुन्या सागवानाचं कोरीव दार, आणि मधोमध पांढराशुभ्र कमोड. दहाही दिवस त्या कमोडवर लाल रेशमी फीत बांधलेली असे. त्या सकाळी फोटोवाल्याने फोटोसाठी ती सोडून ठेवली होती. फीत असती तर मी खात्रीने थांबलो असतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आज सांगत नाही. मी ती सोडली असती.

काम झालं. मी भिंतीतलं चपटं बटण दाबलं. बटण आत गेलं आणि आतच राहिलं. भिंतीत टाकी नव्हती. मी वाकून बघितलं तर कमोडच्या मागे नळ नव्हता, खाली पाइप नव्हता, काहीच नव्हतं. तो नुसता फरशीवर मांडला होता. शेजारचा पितळी नळ स्क्रूने भिंतीला लावलेला. उभ्या आयुष्यात मी शेकडो जोडण्या तपासल्या, तपासल्याशिवाय बिलावर सही केली नाही, आणि हे मी बसण्याआधी बघितलं नव्हतं.

त्या खोलीत पाणी एकाच ठिकाणी होतं: पितळी घंगाळात, वर गुलाबाच्या पाकळ्या तरंगत. मी ते वापरलं. पाकळ्यांसकट.

मग वर वर्तमानपत्र पसरून झाकण हळूच लावलं आणि खाली आलो. हवालदाराला गाठायचं आणि कानात सांगायचं, दोघांनी मिळून कमोड उचलून मागे न्यायचा आणि धुवायचा, असं ठरवूनच उतरलो होतो. अर्ध्या तासाचं काम. पण तो फाटकात होता आणि फाटकातून गाव आत येत होतं. बायका, म्हातारे, काठ्या टेकत, चपला हातात घेऊन. त्याच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नात बापाच्या चेहऱ्यावर असतो तसला भाव होता. मी म्हटलं, गर्दी ओसरू दे. आणि व्हरांड्यात जाऊन पोहे घेतले.

गावाने बंगला फार शिस्तीत बघितला. कोणी कशाला हात लावला नाही. घोंगड्यापुढे एक म्हातारी बराच वेळ उभी राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "भितीला थंडी वाजती का गं?" जुवाच्या झुंबराखाली दोन शेतकरी मान वर करून हळू आवाजात बोलत होते. जू आपल्याच गोठ्यातून गेलेलं तर नाही ना, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. साडेअकराला सगळे परत गेले. हवालदार मोकळा झाला, आणि मी पोह्यांची दुसरी बशी घेतली.

बाराला ती पुण्याची मुलगी फीत परत बांधायला वर गेली. तिची किंकाळी खाली ऐकू आली नाही, कारण ती किंचाळली नाही. ती जिन्यात येऊन बसली आणि रडायला लागली. अध्यक्षबाई वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. त्यांनी नाकाला पदर लावला होता. समितीची माणसं गोळा झाली. कोणी काही बोलायच्या आत सगळ्यांनी फाटकाकडे बघितलं, आणि फाटकात हवालदार उभा होता.

"आमच्यातलं कुनी न्हाई," तो म्हणाला. "मी समद्यांच्या संगं फिरलोय."

"मग कोण? आम्ही?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पोह्याची बशी खाली ठेवली.

यापुढे जे झालं ते मिसळीच्या माथी मारता येत नाही. समितीत चौकशी करायचं ठरलं आणि चौकशी कोणी करायची, तर मी. कारण विषय पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाचा आणि मी त्यातला जाणकार. मी वर गेलो, टेपने मापं घेतली, घंगाळ रिकामं असल्याची नोंद केली. एका पाकळीवर तर माझी नजर बराच वेळ खिळली. मग खाली येऊन समितीच्या कागदावर चार परिच्छेदांचा अहवाल लिहिला. त्यातलं शेवटचं वाक्य मला तोंडपाठ आहे: "उपलब्ध परिस्थितीवरून कोणाही एका व्यक्तीस जबाबदार धरता येत नाही, तथापि सदर वेळेत वास्तूमध्ये ग्रामस्थांची वर्दळ होती."

सरकारी नोकरीत अशी वाक्यं लिहायची सवय लागते. कोणावर आरोप नाही, खोटं एक अक्षर नाही, आणि वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजतं. योजना बुडाली की ठेकेदाराला, ठेकेदार मोठा असला की पावसाला आणि पाऊसही चांगला झाला असला की ग्रामस्थांना आम्ही असंच पुढे करायचो. मी ते वाक्य विचार करून लिहिलंच नाही. हात आपोआप गेला. नंतर बायकोला ते दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही निवृत्त झालात, पण हात कामावरच आहे."

समारोप कसाबसा उरकला. आठवड्याने साताऱ्यात समितीची बैठक झाली. हवालदारालाही बोलावलं होतं, भिंतीला टेकून उभा होता. अहवाल वाचला गेला. मग एक सभासद म्हणाले, ज्यांना वस्तू कशी वापरायची कळत नाही त्यांच्या हाती वारसा कशाला द्यायचा. हे पैसे गावातल्या हौदाऐवजी शहरातल्या एखाद्या जुन्या इमारतीला द्यावेत, निदान तिथे कुलूप असतं. दोघांनी माना हलवल्या. अध्यक्षबाईंनी लगेच होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही. माझ्यापुढे पाण्याचा ग्लास होता, तो मी प्यालो. मग दुसऱ्याचाही प्यालो.

तेवढ्यात हवालदार भिंतीपासून सुटून पुढे आला. सावधान उभा राहिला.

"मी क्येलं," म्हणाला.

"काय?"

"ते वरचं. मी क्येलं. गावाचा काय संबंद न्हाई. पोट बिगाडलं हुतं. मला काडून टाका. हौद बांदा."

कोणीतरी हसू दाबलं, मग कोणाला दाबता आलं नाही. बैठकीला आलेली ती पुण्याची मुलगीही हसली. हवालदार हसणं संपेपर्यंत तसाच सावधान उभा होता. मग अध्यक्षबाईंनी डोळे पुसत सांगितलं की प्रामाणिकपणाबद्दल कौतुक आहे, पण बंगल्यावर ठेवता येणार नाही. पैसे हौदालाच द्यायचे ठरले. मी ठरावाला अनुमोदन दिलं.

हौद झाला. काम उत्तम झालं. उद्घाटनाला मला शाल आणि नारळ मिळाला आणि माझ्या आकृत्यांचं कौतुक झालं, त्यातले चढावरचे नळ ज्याने खोडायला लावले तो मागे बायकांच्या पलीकडे उभा होता. त्याला गावात तोवर नवीन नाव पडलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. पुढे हवालदार आणि मागे काय, हे कोणालाही सुचेल. लोक प्रेमानेच म्हणत. वाईट त्याचंच वाटतं. रागाने पडलेलं नाव राग गेला की जातं.

मी गप्प बसलो. त्याची कारणं अनेक होती आणि सगळी चांगली होती. हौद झाला होता, आता सांगून काय होणार, समितीची बेअब्रू, माझं रक्तदाबाचं औषध. दर वर्षी हौदाचा गाळ काढायच्या वेळी मी जायचो, तो भेटायचा, "या साहेब" म्हणायचा आणि पायरीवर बसायला स्वतःचा पंचा पसरायचा. त्या पंच्यावर बसणं मला फार जड जायचं. तरी बसायचो.

गेल्या वर्षी त्याच्या नातीचं लग्न झालं, कराडला. आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं होतं. पंगतीत माझ्या शेजारी पाहुणे, म्हणजे नवऱ्याचे वडील, बसले होते. हवालदार वाढत होता, फेट्यात, छातीवर बिल्ले. पाहुण्यांनी त्याला हाक मारली आणि ते नाव घेतलं. मोठ्याने, हसत. आणि पुढे म्हणाले, "आमच्या घरी पोरगी दिली, पन आमच्याकडं पानी जोडलंय बरं का." सगळी ओळ हसली. हवालदारही हसला आणि त्यांना जिलबी वाढली. त्याच्या मागे त्याची मुलगी, नवरीची आई, मठ्ठ्याची बादली घेऊन उभी होती. ती हसली नाही. तिने बादली खाली ठेवली आणि आत निघून गेली, आणि मठ्ठा वाढायला दुसरं कोणी आलं.

परतताना गाडीत मी बायकोला सगळं सांगितलं.  इस्लामपूरच्या पुढे ती म्हणाली, "दही नको म्हणालात तेव्हाच मला संशय यायला हवा होता." मग म्हणाली, "त्या पोरीला सासरी रोज हे ऐकावं लागणार. उद्या जाऊन सांगा."

उद्या नाही, पण आठवड्याने गेलो. हवालदार दारात बाज विणत होता. मी सांगितलं. तो दोरी ओढत राहिला.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"तुमी पेपर घिऊन वर गेलासा ते मी फाटकातनं बगितलं. उतारला तवा पेपर न्हवता, आन् चाल बदाल्ली हुती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी बोलशीला म्हनून दम धरला. तुमी रिपोट लिवला." त्याने गाठ मारली. "आवं, मी तुमचं नाव घेतलं असतं तर? इंजिनेर खोटा का वॉचमन खोटा? कुनाचं खरं धरलं असतं बाईंनी? हौद गेला असता."

मी माफी मागितली. तो म्हणाला, माफीचं बघू, आधी गावात सांगा. पाहुण्यांच्या कानावर जायला पाहिजे, नातीला तिथं नांदायचंय.

पुढच्या ग्रामसभेला मी गेलो. हौदाच्या ओट्यावर लोक जमले होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं, ते मी केलं होतं, हवालदारांनी ते स्वतःवर घेतलं.  मग एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "म्हातारपनी मित्राची लाज आपल्या अंगावर घ्यायला आलं. किती मोटं मन म्हनायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, नाही हो, खरंच मी. टाळ्या वाढल्या. एकाने मला हार घातला. सरपंच म्हणाले, असे अधिकारी आता राहिले नाहीत.

खाली उतरलो तेव्हा हवालदार लालबुंद झाला होता. इतक्या वर्षांत मी त्याला चिडलेला पहिल्यांदा बघितलं.

"आता तुमी आनकी वर गेलासा," तो दात खाऊन म्हणाला. "आन् मी आनकी खाली. आता मला हागनारा बी म्हनत्यात आन् दुसऱ्याला पुढं करनारा बी. पुरावा द्या काय तरी. इंजिनेर हायसा न्हवं?"

तिथेच, हार गळ्यात असताना, मला ते आठवलं. न्हाणीघराच्या दाराला आतून कोरीव आडव्या पट्ट्या होत्या. त्यातली एक पट्टी गुडघ्याच्या उंचीला, आणि तिच्या खालच्या अंगाला सुताराने पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. उभ्या माणसाला ते दिसणं शक्य नाही. दार लावून, त्या बैठकीवर बसून, जरा पुढे वाकून पोटाची कळ सोसताना मी ते वाचलं होतं: "पट्टी खाली आली. बाईंना सांगू नका." त्या वेळी मला हसू आलं होतं, आणि मग बटण दाबलं.

"काय लिवलंय ते हितं सांगू नगा," हवालदार म्हणाला. "कागदावर लिवा. घडी घाला. सरपंचाकडं द्या."

तसंच केलं. मग आम्ही वर बंगल्यावर गेलो: तो, मी, सरपंच आणि गावातले चार म्हातारे. बंगला आता सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने देतात. नव्या राखणदाराने दार उघडलं. न्हाणीघर तसंच आहे, फक्त आता कमोडला पाणी जोडलंय. दारही तेच.

सरपंचांनी वाकून बघायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. मी सांगितलं, वाकून नाही, बसूनच दिसतं. कोण बसणार यावर थोडा वाद झाला. शेवटी हवालदार म्हणाला, "आट वर्सं मीच बसलोय म्हनत्यात. आता खरंच बसतो." तो आत गेला, दार लावलं. आम्ही सहा जण बाहेर उभे. आतून अक्षर लावत लावत वाचल्याचा आवाज आला. सरपंचांनी कागदाची घडी उघडली आणि आवाजाबरोबर ओळीवरून बोट फिरवलं.

दार उघडून हवालदार बाहेर आला. पुढच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "जा रं. तू बी बस. उद्या म्हनशील मी पढवलं."

चारही जण एकेक करून आत जाऊन बसून आले. प्रत्येक जण बाहेर येताना माझ्याकडे बघायचा आणि बाजूला उभा राहायचा. माझ्या गळ्यात अजून हार होता. तिसरा म्हातारा बाहेर आला, त्याने तो काढला आणि हवालदाराच्या गळ्यात घातला. हवालदाराने तो काढून खिडकीत ठेवला. त्याला हार नको होता.

"नातीच्या सासऱ्याला काय सांगू?" त्याने मला विचारलं. "तोंडी सांगितलं तर पुन्यांदा तेच हुनार. लिवून द्या. समदं. मिसळीपास्नं. आन् ते तुमचं रिपोटातलं वाक्य बी घाला."

हे ते लिहिणं आहे. दोन प्रती केल्या आहेत. एक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची, आणि दुसरी मी आणि बायको रविवारी कराडला स्वतः घेऊन जाणार आहोत आणि त्या पाहुण्यांसमोर बसून मी ती मोठ्याने वाचणार आहे. सही खाली केली आहे. जबाबदार व्यक्ती निश्चित आहे.